पंचवीसची गोळी

डॉक्टरांनी प्रश्न विचारला प्रमोदिनीला आणि उत्तर दिलं शरदरावांनी. गेली अकरा वर्षं हे असंच चालत आलं होतं, त्यामुळे केबिनमधल्या तिघांपैकी कुणालाच त्यात काही खटकलं नाही. निदान दोघांना तरी नाही.

"काकू, थकवा कसा आहे?"

"थकवा तर आहे," शरदराव म्हणाले, "पण आता वय पण झालं ना, डॉक्टरसाहेब. छप्पन्न पूर्ण होऊन राहिले."

"झोप?"

"एकदम फर्स्ट क्लास. घोरते."

"घबराहट, धडधड, हात कापणं?"

"छे छे. तसं काही नाही."

प्रमोदिनी एसीकडे पाठ करून, ऑगस्टच्या उकाड्यात शाल लपेटून बसली होती. तिच्याबद्दलची ही सगळी माहिती ती अशी ऐकत होती, जणू शेजारच्या घरातल्या कुणा बाईचं चाललं आहे.

प्रमोदिनी राहायची त्या, बड्या गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत बाईमाणसानं डॉक्टरकडे एकटं जायची पद्धत नाही. आजारी पडते बाई, पण दवाखान्यात जातं ते घर. नंबर नवरा लावतो, फाइल नवरा सांभाळतो, औषधांचा पर्चा नवरा वाचतो आणि डॉक्टरांना उत्तरंही तोच देतो. बाईनं फक्त जीभ दाखवायची. शरदराव देवस्थळी काही वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. रोज सकाळी बायकोच्या उशाशी थायरॉइडची गोळी आणि पाण्याचा पेला ठेवायचे, आणि ती गोळी घेईपर्यंत चहाचं आधण चढवायचे नाहीत. इतकं कोण करतं? त्यांचं चुकायचं ते एकच. बायकोला विचारलेला प्रश्न म्हणजे घराला विचारलेला प्रश्न, असं ते धरून चालायचे, आणि घराच्या वतीनं बोलणारे तेच.

डॉक्टर निशांत पुराणिक वयानं त्यांच्या मुलाहून थोडे मोठे. विजय नगरातल्या काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना, बाहेर बसायला जागा मिळायची मारामार. माणूस हुशार, बोलायला गोड, पण डोळे सदा समोरच्या स्क्रीनवर. पेशंटकडे ते बघायचे ते पर्चा हातात देताना.

"टीएसएच अजून पण खालीच आहे," ते स्क्रीनला म्हणाले. "हा आकडा खाली गेला, मतलब गोळी शरीराला जास्त होऊन राहिली आहे. टी-फोर वर आहे, तो पण तेच सांगतो. आपण शंभरची पंचाहत्तर केली, मग पन्नास केली. आता पंचवीस करून टाकू. आणि एक स्कॅन लिहून देतो."

"करून टाका," शरदराव म्हणाले.

"नाही," प्रमोदिनी म्हणाली.

आवाज इतका बसलेला होता की शरदरावांना वाटलं, खुर्चीच करकरली. डॉक्टरांनी तोवर पर्च्यावर पंचवीस लिहूनही टाकलं होतं.

"नाही म्हणजे?" शरदरावांनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही. पंचवीसची गोळी मी घेणार नाही. लिहायची तर लिहा, आणायची तर आणा, पण ती माझ्या तोंडात जाणार नाही."

हा नकार काही एकाएकी उगवला नव्हता. शंभरच्या गोळीवर प्रमोदिनी अकरा वर्षं भिंगरीसारखी फिरली होती. बिजली दफ्तरातली नोकरी, घर, पाहुणे, नाटकाच्या तालमी, सगळं. एप्रिलमध्ये रिपोर्ट आला, गोळी कमी झाली, आणि तिच्या अंगात कुणीतरी ओली वाळू भरली. जुलैत आणखी कमी झाली. चेहरा सुजला, बांगड्या मनगटात रुतल्या, जिना चढताना दोनदा बसावं लागू लागलं. हे तिनं सोसलंही असतं. पण शब्द हरवायला लागले. कढई डोळ्यांसमोर असायची आणि तिला काय म्हणतात ते आठवायचं नाही. दफ्तरात साहेबाचं नाव ऐन वेळी गेलं. ती घाबरली होती. आपलं डोकं निकामी होत चाललं आहे, असं तिला वाटत होतं, आणि हे कुणाला सांगता येत नाही म्हणून ती दिवसभर सगळ्यांवर खेकसत होती.

त्यातच नाटक. मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी नाटक व्हायचं आणि तीस वर्षं त्यातली मुख्य बाई प्रमोदिनीच असायची. या वर्षीचं नाटक मंडळाचे दिग्दर्शक अच्युतराव यांनी स्वतः लिहिलं होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून एका विधवेच्या घराची पायरी तोडायला माणसं येतात आणि ती बाई पायरीवर बसून राहते, उठतच नाही, असं काहीतरी. तिसऱ्या अंकात तिचं अधिकाऱ्याला उद्देशून लांबलचक भाषण होतं. अच्युतराव म्हणायचे, हे भाषण मी प्रमोदिनीताईंचा आवाज कानात ठेवून लिहिलं आहे. तो आवाज आता फाटक्या भोंग्यासारखा झाला होता, आणि भाषणाच्या मध्यावर ती एकाच जागी चार वेळा अडकली होती.

चौथ्या वेळी अच्युतरावांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि तिला बाजूला घेतलं. "ताई, बुरा मत मानना," ते म्हणाले, "पण ह्या वेळी तुम्ही प्रॉम्प्टिंगला बसा. वसुंधराचं पाठांतर तयार आहे. दोन रविवार आपण बघू, नाहीतर मग मंडळाची समितीच ठरवेल." आणि वर सहज म्हणाले, "शरदराव सांगत होते, रिपोर्टमध्ये तर औषध जास्तच निघालं, कमी नाही. मग हे वयाचंच म्हणायचं ना."

तिला सगळ्यात लागलं ते हे. वसुंधरा चांगली नटी होती, तिच्याबद्दल प्रमोदिनीच्या मनात काही नव्हतं. पण तिच्या थकव्यावर, तिच्या आवाजावर, तिच्या डोक्यावर एका कागदानं शिक्का मारला होता, आणि ज्यानं त्यानं तो कागद वाचला होता. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. आता गोळी पंचवीस झाली की भूमिका गेलीच, आणि आपणही भूमिकेच्या पाठोपाठ जाणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"काकू, तुम्ही समजून घ्या," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "हा ब्लड रिपोर्ट आहे."

"ती समजून घेईल हो," शरदराव म्हणाले. "जरा चिडचिड होऊन राहिली आहे तिची आजकाल."

प्रमोदिनी नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही जरा बाहेर बसा."

"आँ?"

"बाहेर. बेंचवर. मला डॉक्टरसाहेबांशी बोलायचं आहे."

"अगं, मग बोल ना. मी कुठे अडवतो?"

"तुम्ही असलात की मला बोलायला जागाच राहत नाही."

शरदरावांचा चेहरा पडला. ते उठले, सवयीनं फाइल काखेत मारली. "फाइल राहू द्या," ती म्हणाली. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन एकदा मागे वळून पाहिलं. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच या दारातून एकटे बाहेर पडत होते.

दार लागलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बोला काकू. पण मी आकड्याच्या अगेन्स्ट कसा जाऊ?"

"आकड्याच्या अगेन्स्ट नका जाऊ. माझ्याकडे बघा. औषध जास्त झालं की माणसाला काय होतं, ते सांगा."

"वजन उतरतं. हात कापतात, धडधडतं, गर्मी सहन होत नाही. झोप उडते."

"माझं वजन आठ किलो वाढलं." तिनं शाल बाजूला सारली आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. "हे हात. कापताहेत? तुझ्या ह्या एसीत मी कुडकुडून राहिली आहे आणि बाहेर लोक घामानं निथळून राहिले. मी चहाचा कप धरते ना, तो पिण्यासाठी नाही, हात शेकायला. झोप तर मला दफ्तरात बसल्या बसल्या लागते. आणि तू म्हणतो जास्त झालं! अरे, कुठे गेलं ते जास्तीचं?"

रागाच्या भरात ती 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी घसरली ते तिचं तिलाच कळलं नाही. डॉक्टरांनी ते चालवून घेतलं. त्यांच्या घरीही त्यांच्याशी अशाच आवाजात बोलणारी कुणी असावी.

त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं. बराच वेळ घेतला. मग उठून टेबलाच्या या बाजूला आले, जे सहसा होत नसे, आणि म्हणाले, "काकू, खुर्चीवर गुडघे टेकून बसता का? पाठ माझ्याकडे. पाय बाहेर लटकू द्या."

छप्पन्न वर्षांच्या बाईनं खुर्चीत उलटं गुडघ्यांवर बसणं काही शोभेचं नव्हतं. ती बसली. त्यांनी छोट्या रबरी हातोडीनं टाचेच्या वर टक्कन मारलं. पाऊल उडालं, आणि मग सावकाश, अगदी आळसावून जागेवर आलं. त्यांनी दुसऱ्या पायावर मारलं. तेच. परत पहिल्यावर.

"काय झालं?"

"पाय परत यायला वेळ लावतो आहे," डॉक्टर म्हणाले. आवाजातला गोडवा गेला होता आणि त्या जागी विचार आला होता. "औषध कमी पडलं की असं होतं. नाडी पण हळू आहे. हे सगळं त्या रिपोर्टच्या उलट आहे."

"हेच सांगून राहिली मी!"

"मला जरा विचार करू द्या." ते जागेवर जाऊन बसले, पण स्क्रीन त्यांनी बाजूला वळवला. "काकू, दुसरं काही घेता? व्हिटॅमिन, आयुर्वेदिक, काढा, काही पण?"

"नाही."

"एप्रिलमध्ये पण मी विचारलं होतं. तेव्हा पण नाही म्हणाले होते काका."

"त्यांना काय माहीत, मी काय खाते ते!"

हे बोलून गेल्यावर तिचं तिलाच जाणवलं, की आताचं 'नाही' मात्र तिनंच म्हटलं होतं.

"मग तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले. "सकाळी उठल्यापासून तोंडात जे जे जातं ते. काही सोडू नका."

"सांगते ना. लिहून घे." ती तोऱ्यात सुरू झाली. "उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, रिकाम्या पोटी. अर्ध्या तासानं चहा. मग पोहे, वरून शेव आणि जिरावन मसाला. शनिवारी जलेबी, आणि त्यावर लेक्चर नको. डब्यात पोळी-भाजी. चारला दफ्तरात चहा आणि कुणी आणली तर कचोरी. रात्री भाकरी, वरण. वर बडीशेप. आणि मग साबुदाण्याच्या डब्यातल्या..."

ती थांबली. तिचे कान तापले.

"साबुदाण्याच्या डब्यातल्या काय?"

आता इथे प्रमोदिनीचा स्वभाव सांगायला हवा. तिची सून सुरभी गेल्या वर्षी केस गळतात म्हणून विजय नगरच्या एका पार्लरमधून गोळ्या घेऊन आली होती. प्रमोदिनीनं जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर तिची यथेच्छ टर उडवली होती. गोळ्या खाऊन केस वाढत असते तर औषधाच्या दुकानदारांना टक्कल का, खोबरेल काय मेलं का, वगैरे. सुरभी बिचारी मूग गिळून बसली. मग फेब्रुवारीत एके सकाळी प्रमोदिनीच्या फणीत केसांचा मूठभर पुंजका आला. ती दफ्तरातून परस्पर त्याच पार्लरमध्ये गेली, तीच बाटली घेतली आणि घरी आणून साबुदाण्याच्या डब्यात दडवली, कारण उपास सोडले तर तो डबा कुणी उघडत नसे. तरण्या पोरीला एक पुरते तर आपल्याला दोन हव्यात, असा हिशेबही तिनं स्वतःच केला. थायरॉइडची गोळी कमी झाल्यावर केस आणखी गळू लागले, तशा दोनाच्या तीन झाल्या.

हे शरदरावांना ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ते औषध आहे असं तिला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं. पार्लरमध्ये मिळतं ते औषध कसलं?

"केसांच्या गोळ्या," ती टेबलाकडे बघत म्हणाली.

डॉक्टर पुढे झुकले. "नाव?"

"आठवत नाही. हल्ली मला कढई आठवत नाही, गोळीचं नाव कुठून आठवेल?"

"कुणाकडून कळेल? मला आत्ता पाहिजे, काकू. फार इम्पॉर्टन्ट आहे."

कळण्यासारखी एकच जागा होती. प्रमोदिनीनं पर्समधून फोन काढला, हातात धरला, परत ठेवला, परत काढला. नाटकात माफी मागायचे प्रसंग तिनं पुष्कळ वठवले होते, पण ते लिहिलेले असायचे.

"सुरभी, मी बोलून राहिली. तुझ्या त्या केसांच्या गोळ्या आहेत ना, त्यात काय काय असतं, वाचून सांग जरा."

"का हो आई? पपांनी काही खाल्ल्या का चुकून?"

"नाही. मी खाल्ल्या. सहा महिने झाले."

प्रमोदिनीनं डोळे मिटून घेतले. आता ही हसणार, आणि हसली तर तिचं बरोबरच आहे.

"आई," सुरभी अखेर म्हणाली, "तुम्ही मला सांगायचं ना. आपण सोबत घेतल्या असत्या, थोडा डिस्काउंट मिळाला असता." आणि मग ती हसली, पण तोवर प्रमोदिनीही हसत होती. फोटो आला. डॉक्टरांनी दोन बोटांनी तो मोठा केला, वाचला आणि खुर्चीत मागे टेकले.

"बायोटिन. एका गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम. आणि तुम्ही घेता तीन."

"विषारी असतं का?"

"नाही हो. थायरॉइडला पण ते काही करत नाही. पण लॅबमध्ये जी मशीन असते ना, त्यातल्या पुष्कळशा मशीनी आकडा मोजायला हाच बायोटिन वापरतात. तुमच्या रक्तातच तो ढीगभर आला की मशीन गडबडते. टीएसएच आहे त्याहून खाली दाखवते आणि टी-फोर वर. मतलब, औषध कमी पडत असलं तरी कागदावर जास्त दिसतं."

प्रमोदिनीला हे समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तसा तिचा संताप पायापासून वर चढला.

"मतलब मशीन खोटं बोलली."

"मशीनला खोटं बोलायला तुम्ही लावलं, काकू," डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून, पेनाशी चाळा करत म्हणाले, "आणि मी तिचं ऐकलं. तुमच्याकडे एकदा नीट बघितलं असतं तर एप्रिलमध्येच शंका आली असती. ती माझी चूक आहे."

तिला रडू आलं. डोकं निकामी झालं नव्हतं. म्हातारपण असं एका उन्हाळ्यात येऊन बसलं नव्हतं. सगळ्यांनी 'वय झालं, वय झालं' म्हणून तिला वेडं करायचं काय ते बाकी ठेवलं होतं, आणि ती खरं बोलत होती. नाक पुसून ती म्हणाली, "शंभर लिही."

"आज नाही. आधी केसांच्या गोळ्या बंद. आठ दिवसांनी परत जाँच, मग लिहितो. तोवर पन्नास चालू."

"मी सांगून राहिली ना, कमी पडतं आहे."

"मला पटलं आहे, काकू. पण एकदा आकड्यावर चाललो आणि फसलो, आता नुसत्या अंदाजावर चालून परत नाही फसायचं. आठ दिवस द्या मला."

हे तिला पटलं नाही, पण प्रामाणिक वाटलं. "आठ म्हणजे आठ," ती म्हणाली, "नववा नाही." त्यांनी पर्च्यावरचं पंचवीस खोडलं, आणि खोडलेलं नीट खोडलं आहे ना, हे तिनं वाकून पाहून घेतलं.

बाहेर शरदराव बेंचच्या कडेला बसले होते. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. स्कूटरवर मागे बसल्यावर तिनं सगळं सांगितलं, केसांच्या गोळ्यांसकट. ट्रॅफिकमुळे काही अर्धवट ऐकू गेलं, ते तिनं परत ओरडून सांगितलं, आणि सिग्नलला थांबलेल्या दोन-तीन जणांनाही तिच्या केसांची कथा कळली.

घरी पोचल्यावर शरदराव स्कूटर स्टँडवर लावून तिथेच उभे राहिले. "मला का नाही सांगितलं तू?"

"तुम्ही विचारलं?"

"मी तर तुझ्यासाठीच बोलायचो, अगं."

"माझ्यासाठी बोला ना. कोण नको म्हणतं? पण माझ्याऐवजी नका बोलू."

शरदरावांनी वळून स्कूटरची किल्ली काढली. ते दुखावले होते आणि ते तिला दिसत होतं. तिला वाईटही वाटलं, पण बोललेला शब्द तिनं मागे घेतला नाही.

आठ दिवसांनी रक्त दिलं आणि संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, तो नेहमीप्रमाणे शरदरावांच्या नंबरवर. त्यांनी "हां डॉक्टरसाहेब" एवढं म्हटलं, आणि मग फोन कानाचा काढून बायकोपुढे धरला.

"काकू, अठ्ठावन्न आला आहे टीएसएच," डॉक्टर म्हणाले. "चारच्या आसपास वरची हद्द असते, त्याच्या जागी अठ्ठावन्न. तुम्ही दफ्तरात कशा जात होता, मला समजत नाही."

"चिडून जात होते," प्रमोदिनी म्हणाली.

"उद्यापासून शंभर. पण आधीच सांगून ठेवतो, ही गोळी हळूहळू चालते. दोन-तीन आठवड्यांनी थोडं हलकं वाटेल, पूर्ण बरं वाटायला दीड-दोन महिने."

नाटकाला तीन आठवडे होते. समितीचा रविवार तर परवावर आला होता.

रविवारी ती मंडळाच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा अंगातली वाळू तशीच होती, आवाज तसाच होता. शंभरच्या दोनच गोळ्या पोटात गेल्या होत्या आणि त्यांनी काही जादू केली नव्हती. शरदराव सोबत आले आणि न सांगता शेवटच्या रांगेत जाऊन बसले. वसुंधरा हातात संहिता घेऊन स्टेजच्या कडेला उभी होती. समितीचे तिघे पुढच्या खुर्च्यांवर होते.

अच्युतराव लगबगीनं पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचा आनंद होता. "ताई, शरदरावांकडून समजलं, रिपोर्ट बदलला म्हणून! म्हणजे ते वयाचं-बियाचं काही नव्हतंच. आणला आहे ना सोबत? द्या इकडे. समितीला दाखवला की विषयच खतम. कागद हातात असला की आम्हाला पण बोलायला बरं पडतं."

त्यांनी हात पुढे केला. रिपोर्ट पर्समध्ये होता. तिनं मुद्दामच आणला होता. सकाळपासून ती मनात घोळवत होती, तो काढून यांच्यापुढे कसा आपटायचा ते. तिनं चेन अर्धी उघडली, आणि तिचा हात थांबला.

अच्युतरावांचा हात अजून पुढेच होता. चार महिने तिनं याच माणसाला तोंडानं सांगितलं होतं, की माझं काहीतरी बिघडलं आहे. तेव्हा कागद तिच्या विरुद्ध होता, म्हणून ती म्हातारी झाली. आज कागद तिच्या बाजूनं होता, म्हणून ती तरुण होणार. उद्या आणखी एखादा कागद येईल.

तिनं चेन लावली.

"नाही दाखवणार," ती म्हणाली.

"अहो ताई, तुमच्याच फायद्याचं आहे."

"माहीत आहे. म्हणूनच नाही दाखवणार. अच्युतराव, मी आजारी होती हे मी सांगून राहिली. मी हे काम करू शकते हे पण मीच सांगून राहिली. एवढं पुरत नसेल तर वसुंधराला द्या, मी हिला स्वतः साडी नेसवून देईन. पण ठरवायचं असेल तर मला ऐकून ठरवा. कागद वाचून नाही."

समितीतल्या एकानं घसा खाकरला. प्रमोदिनी कठडा धरून स्टेजवर चढली, मध्ये जाऊन बसली आणि तिसऱ्या अंकातलं भाषण सुरू केलं.

आवाज फाटत होता. दोन वाक्यांनंतर दम लागत होता, तिथे ती थांबून दम घेत होती आणि पुढे जात होती. अधिकाऱ्याचं काम करणारा विक्रम हळूहळू ताठ उभा राहिला. भाषणाच्या मध्यावर, त्याच जागी, शब्द गेला. चार वेळा गेला होता तसाच, साफ. डोकं कोरं झालं.

वसुंधरानं संहितेत बोट घातलं आणि तोंड उघडलं. प्रमोदिनीनं तिच्याकडे न बघता हात वर केला. शेवटच्या रांगेत शरदरावांना ते वाक्य पाठ होतं, महिनाभर घरात तेच ऐकत होते ते. त्यांनी दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले होते. कुणी हललं नाही. वेळ गेला, नाटकात जाऊ नये इतका गेला. तिच्या कपाळावर घाम आला, कितीतरी महिन्यांनी. मग तिनं मान वर केली, विक्रमकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं, आणि त्याच्या पुढचं, आणि शेवटपर्यंतचं सगळं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, त्या तालमीत वाजवत नाहीत. वसुंधरानं संहिता मिटली आणि समितीला म्हणाली, "मी प्रॉम्प्टिंगला बसते."

अच्युतराव मात्र अजून चाचरत होते. "ताई, काम तुमचंच. पण आवाज फारच बसला आहे हो. मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही."

"मग त्यांनी कान द्यावा," प्रमोदिनी म्हणाली. "तीस वर्षं मी त्यांच्यासाठी ओरडली आहे. एक दिवस त्यांनी ऐकायची मेहनत घ्यावी."